मालवणच्या पाण्याखालचा तट

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांचं सुट्टीत मालवणला जायचं ठरतंय, त्यांनी तरी वेळ काढून वाचावी.

आपल्या साकीनाक्यात सिंधुदुर्गातला माणूस काही कमी नाही. काजूपाडा, असल्फा, जरीमरी, कुठल्याही चाळीत विचारा, देवगड-मालवण-वेंगुर्ल्याची दोन-चार घरं निघतातच. गणपतीत आणि मे महिन्यात अंधेरी-कुर्ला रोडवर रात्री पिशव्या, पिंपं, पोरंबाळं घेऊन बसची वाट बघणारी मंडळी आपण लहानपणापासून बघतोय. आता या गर्दीत ज्यांचं कोकणात गाव नाही अशांचीही भर पडलीय. ऑफिसातली सात-आठ जणं गाडी करतात, शुक्रवारी रात्री निघतात, शनिवारी सकाळी मालवण. किल्ला, सुरमई थाळी आणि स्नॉर्केलिंग. सोमवारी सगळ्यांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ: पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, हातात ब्रेडचा तुकडा, वर केलेला अंगठा.

त्या व्हिडिओत मागे एक खडबडीत, तपकिरी-हिरवट खडक दिसतो. तो कोणी बघत नाही. ही पोस्ट त्या खडकाबद्दल आहे.

सुरुवात १६६४ पासून करावी लागेल. जंजिऱ्याचा सिद्दी काही केल्या नमत नव्हता. समुद्रावर पोर्तुगीज, इंग्रज, डच यांची जहाजं फिरत होती. महाराजांना स्वतःचं आरमार हवं होतं आणि आरमाराला हक्काचं ठाणं हवं होतं. मालवणच्या किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटरवर कुरटे नावाचं एक बेट होतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला तिथे पायाभरणी झाली. किनाऱ्यावर ज्या खडकाशी गणेशपूजन झालं असं सांगतात, तो मोरयाचा धोंडा आजही आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले दिसतात. १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचा पसारा, तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची नागमोडी तटबंदी, ४२ बुरूज. बांधकामाचं श्रेय परंपरेने हिरोजी इंदुलकरांना दिलं जातं. पायात शिसं ओतल्याची गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही पाठ असते.

पण कुरटे बेटच का? गोड्या पाण्याच्या विहिरी आत आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, हे एक कारण. दुसरं कारण पाण्याखाली आहे. बेटाच्या चहूबाजूंनी बुडालेले कातळ आहेत. काही भरतीला दिसत नाहीत, काही ओहोटीलाही नाहीत. मोठं, खोल बुडाचं जहाज सरळ किल्ल्यावर चाल करून यायला गेलं तर तळ फाटायची भीती. आत यायची वाट वळणावळणाची आणि ती फक्त तिथल्या नाविकांना ठाऊक. इंग्रजांनी १८८० मध्ये रत्नागिरी जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही मालवणच्या बंदरातल्या खडकांची दखल घेतलेली आहे. म्हणजे किल्ल्याला दोन तट होते. एक माणसांनी तीन वर्षांत बांधला. दुसरा आधीपासूनच होता, आणि तो बघून जागा निवडली गेली.

आपण पहिल्या तटाचे फोटो काढतो आणि दुसऱ्यावर पाय देऊन उभे राहतो.

दुसऱ्या तटाची वाट माहीत असलेली माणसं कोण? मालवणच्या किनाऱ्यावरचा गाबीत समाज आपलं नातं थेट महाराजांच्या आरमाराशी सांगतो. खडक कुठे, प्रवाह कुठून ओढतो, कुठल्या तिथीला पाणी किती चढतं, हे ज्ञान कागदावर नव्हतंच कधी. बापाकडून पोराकडे होडीतच दिलं गेलं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं कंपनी सरकारकडे गेलं. आरमार संपलं, तोफा गंजल्या. वाट माहीत असलेली माणसं मात्र तिथेच राहिली, मासे मारत राहिली. पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्या खडकांकडे सरकार म्हणून कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि मला वाटतं तेच त्यांच्या पथ्यावर पडलं.

आता खडकावर काय आहे ते बघू. १९७० च्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ कुठे कुठे आहेत याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात मालवण होतं. तोवर पुस्तकात प्रवाळ म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान, कच्छचं आखात आणि मन्नारचं आखात, संपलं. मालवणला त्यांच्यासारखी मोठी प्रवाळबेटं नाहीत, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. जाहिरातीत निळंशार पाणी आणि फांद्यांचं रंगीत जंगल दाखवतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच देशातलं असतं. इथे प्रवाळ कातळाला धरून वाढतात. गोळे, पापुद्रे, मेंदूसारख्या वळ्या. पावसाळ्यात खाडीचं गढूळ, गोडं पाणी अंगावर येतं, उन्हाळ्यात पाणी तापतं, तरी टिकून राहतात. दिसायला साधे, जातीने चिवट.

आणि हे दगड नव्हेत, हे प्राणी आहेत. एकेक गोळा म्हणजे हजारो बारीक जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हात अन्न तयार करतं, त्यावर प्रवाळ जगतो. असा गोळ्यासारखा प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा गोळा दिसला तर त्याचं वय आपल्या थोरल्या मुलापेक्षा जास्त असू शकतं. वरची जिवंत साय कागदाइतकी पातळ. तिच्यावर टाच घासली की तो भाग मेला.

१३ एप्रिल १९८७ ला राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. महाराष्ट्राचं पहिलं सागरी अभयारण्य. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. गाभ्यात काय, तर सिंधुदुर्ग किल्ला, शेजारचं पद्मगड बेट आणि भोवतालचे बुडालेले खडक. म्हणजे शिवकाळातला दुसरा तट जसाच्या तसा सरकारी नकाशात आला, तीनशे वर्षांनी.

मालवणात याचं स्वागत झालं का? अजिबात नाही. मच्छिमारांना वाटलं, आता आपल्याच समुद्रात आपल्यालाच बंदी. वन्यजीव कायदा १९७२ चा, तो मुळात वाघ-हरणांच्या जंगलासाठी लिहिलेला. तो जसाच्या तसा पाण्यावर लावला की रोजची जाळी टाकणारा माणूस कायद्याच्या भाषेत घुसखोर ठरतो. विरोध इतका की अभयारण्य कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून सुरुवातीची काही वर्षं कुडाळ-मालवण भागात बातमीदारी केली. 'अभयारण्य' हा शब्द उच्चारला की बंदरावर माणसं बोलायचं बंद व्हायची, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मालवणचं नाव अतिसंवेदनशील किनारी भागांच्या यादीत आलं. परत तेच. आधी यादी आली आणि मग लोकांना कळलं.

याच काळात दुसरी गोष्ट घडत होती आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मासा कमी होत होता. यांत्रिक ट्रॉलर आधी आले, मग पर्ससीन जाळी आली, मग प्रखर दिव्यांची मासेमारी. रापण ओढणारा, लहान होडी घेऊन जाणारा पारंपरिक मच्छिमार मागे पडला. समुद्रात मारामाऱ्या झाल्या, होड्या अडवल्या गेल्या, मोर्चे निघाले. पर्ससीनवर राज्य सरकारने कडक निर्बंध घातले ते २०१६ मध्ये, आणि दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने मनाई केली ती २०१७ मध्ये. तोवर कित्येक घरांनी जाळी गुंडाळून ठेवली होती.

आणि मग पर्यटन आलं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, कुडाळला उतरलं की तासाभरात मालवण. किल्ल्यावर माणसं नेणाऱ्या होड्या होत्याच. २००० नंतरच्या दशकात तारकर्ली-मालवणात स्नॉर्केलिंग, मग स्कूबा सुरू झालं. स्थानिक पोरांना प्रशिक्षण मिळालं. ज्या पोराचा बाप खडपात जाळी अडकू नये म्हणून जागा टाळायचा, तो पोरगा आता माणसं घेऊन मुद्दाम त्याच खडपात जायला लागला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही उभी राहिली.

(जाता जाता: स्नॉर्केल हा शब्द जर्मन पाणबुड्यांवरून आला. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली राहून हवा ओढण्यासाठी त्यांना जी नळी बसवली होती, तिचं हे नाव. लढाईची वस्तू सहलीची झाली. किल्ल्याचंही तेच झालंय म्हणा.)

या धंद्यावर नाकं मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याच्या तोंडचा मासा मोठ्या बोटींनी पळवला त्याने पोट कशावर भरायचं? स्नॉर्केलिंगमुळे मालवणच्या किती पोरांची मुंबईची वारी वाचली, हे साकीनाक्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या त्यांच्या भावांना विचारा.

गेल्या जानेवारीत मी स्वतः जाऊन आलो. मुद्दाम लहान होडी शोधली. आम्ही आठ जण, एक तांडेल, दोन गाईड. निघण्याआधी त्या पन्नाशीच्या तांडेलाने सगळ्यांची जाकिटं स्वतः ओढून बघितली. किल्ल्याच्या मागच्या अंगाला गेल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि नांगर टाकायच्या आधी पाण्यात बराच वेळ वाकून बघितलं. मी विचारलं, काय बघताय? म्हणाला, "वाळू खंय आसा ता बघतंय. खडपार टाकलंय तर खडाप फुटताला." मग पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला एकच सूचना: "पाय खाली सोडू नको हां दादा. तो दगड न्हय, जितो आसा." पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. मास्कमधून तो खडक वीसेक मिनिटं बघितला. एका खळग्यात पट्टेरी मासे, एका कपारीत काळे सागरी साळिंदर, काटे हलवत. आणि प्रवाळाच्या एका मोठ्या गोळ्यावर पांढरा ओरखडा, ताजा, हातभर लांब.

वर आल्यावर त्या ओरखड्याबद्दल विचारलं. तांडेल काही बोलला नाही. त्याने नुसती समोर मान केली. शेजारी दुसरी होडी उभी होती. मी मोजले, बावीस माणसं. पाण्यात सात-आठ जण रबरी चाक धरून एकाच खडकावर उभे, गुडघाभर पाणी, फोटोसाठी. गाईड ब्रेड कुस्करून टाकत होता, म्हणजे मासे कॅमेऱ्यासमोर येतील.

मुद्दा इथे आहे. आठ माणसं आणि बावीस माणसं यात फरक फक्त आकड्याचा नाही. आठ माणसांवर दोन गाईड लक्ष ठेवू शकतात, न पोहणाऱ्याला हाताला धरून तरंगत ठेवू शकतात. बावीस झाली की माणूस दमतो, घाबरतो, आणि पायाखाली जे लागेल त्यावर उभा राहतो. तिथे खडकच असतो. उभा राहणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं की तो प्राणी आहे. कायद्याने विचाराल तर २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायची कोणाची हिंमत नाही.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मालवणच्या प्रवाळांचं विरंजन झाल्याची नोंद केली. विरंजन म्हणजे पाणी तापलं की आतलं शेवाळ बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. ताप उतरला नाही तर मरतो. २०२० मध्ये याच संस्थेच्या अभ्यासकांचा मालवण अभयारण्यावर आणखी एक निबंध आला, तो पर्यटकांच्या डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेवर. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरात चौथ्यांदा व्यापक विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं. समुद्र तापतोय ते मालवणच्या तांडेलाच्या हातात नाही, आपल्याही फारसं नाही. पण आजारी माणसाच्या छातीवर उभं राहू नये, एवढं तरी हातात आहे.

बावीस माणसांचा प्रश्न फक्त प्रवाळाचा नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली. होडीत वीस पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. त्यानंतर चौकशा झाल्या, तपासण्या झाल्या, परवान्यांची चर्चा झाली. जी गर्दी खडक मोडते, तीच होडी उलटवते. नियम दोघांसाठी एकच लागेल: एका होडीत किती माणसं आणि एका जागेवर एका वेळी किती होड्या.

बाहेरच्या जगात हे केलंय लोकांनी. थायलंडची माया बे हॉलिवूडच्या सिनेमामुळे इतकी गाजली की रोज हजारो माणसं उतरायला लागली आणि प्रवाळांची वाट लागली. २०१८ मध्ये सरकारने ती सरळ बंद केली. २०२२ च्या जानेवारीत उघडली तेव्हा होड्यांना आखातात यायला मनाई, माणसांवर मर्यादा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर प्रत्येक पर्यटकामागे शुल्क घेतात आणि ते राखणीसाठीच जातं. लांब कशाला, आपल्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, गर्दी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प २०११-१२ नंतर काही वर्षं सिंधुदुर्गात होता, त्यातून अशा गोष्टींना बळ मिळालं. तो प्रकल्प लोकांशी बोलत बोलत पुढे गेला, १९८७ सारखं नकाशा आखून मोकळा झाला नाही. फरक दिसतो.

आपण मुंबईकर म्हणून शहाणपण शिकवायला जाऊ नये, हेही खरं. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा निम्म्या मुंबईला कळलं की आपल्याकडेही प्रवाळ आहेत. आणि साकीनाक्यातून जी मिठी वाहते, ती माहीमच्या खाडीतून समुद्राला काय नेऊन देते ते आपण रोज नाकाने वाचतोच.

आता नवीन बातमी. नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार पर्यटन महामंडळाला मिळाली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत हस्तांतर झालं. निवतीच्या खडकांजवळ ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची योजना आहे. कल्पना वाईट नाही. गर्दी लोखंडाच्या सांगाड्याकडे वळली तर जिवंत खडकाला थोडी उसंत मिळेल. पण तिथे होड्या कोणाच्या असतील? मालवण-निवतीच्या तांडेलांच्या, की बाहेरून भांडवल घेऊन आलेल्या मोठ्या कंपन्यांच्या? ट्रॉलरच्या वेळी हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नव्हता. यावेळी तो आधी विचारायला हवा. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींची मुंबईत कार्यालयं आहेत, आपल्याकडची मंडळं त्यांना गणपतीत पावती फाडायला बोलावतातच. तेव्हा विषय काढा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सोपं आहे. परवाना होडीला द्या, पण डोकी मोजून द्या. गाभा क्षेत्रात नांगर टाकायची गरजच पडू नये म्हणून कायमचे तरंगते बोये बांधा, होडी त्याला बांधायची. राखणीचं काम आणि त्याचा पगार त्याच तांडेलांना द्या, ज्यांना वाट माहीत आहे. ब्रेड बंद.

आपल्या भागातून सहली नेणाऱ्या दोघांशी मी बोललो. होडी ठरवताना चारच गोष्टी विचारा म्हटलं: किती माणसं भरणार, गाईड किती, जाकीट सगळ्यांना आहे का, नांगर कुठे टाकता. एकाने पुढच्या सहलीसाठी आठ-आठ जणांच्या होड्या ठरवल्या, माणशी दीडशे रुपये जास्त पडले. दुसरा म्हणाला, "साहेब, माझं गिऱ्हाईक फोन उचलल्या उचलल्या भाव विचारतं. माणसं किती, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही."